अक्षरभेद आणि वस्तुभेद

संगणकाच्या आज प्रचलित असलेल्या बहुतेक भाषांत असा एक नियम आहे की, एखाद्या गोष्टीस दिलेले नाव रोमन लिपीतील मोठ्या अक्षराने सुरू केले तर ते एक नाव, आणि तेच नाव लहान अक्षराने सुरू केले तर ते दुसरे. 'सॅलरी' हा शब्द मोठ्या एसने लिहून त्यात एखाद्या कारकुनाच्या पगाराचा आकडा ठेवला आणि पुढे चार ओळींनंतर तोच शब्द लहान एसने लिहून तो आकडा परत मागितला, तर यंत्र सांगते की या नावाचे काही माझ्यापाशी नाही. हा भेद वाचकांसमोर प्रत्यक्ष लिहून दाखविणे आम्हांस शक्य नाही, कारण हे पान देवनागरीत छापले जाते आणि देवनागरीस मोठे व लहान अशी अक्षरांची दोन रूपे नाहीत. आमच्या लिपीत 'सॅलरी' हा शब्द दहा वेळा लिहिला तरी दहाही वेळा तो तोच राहतो. एका परीने ही अडचणच आजच्या विषयाची प्रस्तावना होय. ज्यांची लिपीच हा भेद ओळखत नाही, त्यांनी तो भेद किती मानावा?

प्रश्न वरवर पाहता यंत्रज्ञांचा आहे आणि तो त्यांच्यावर सोपवून आपण मोकळे व्हावे असे कोणासही वाटेल. पण थोडा विचार केला असता त्यातून दोन निराळे प्रश्न निघतात. ज्या दोन नावांचा उच्चार एक, अर्थ एक आणि वर्णांचा क्रमही एक, ती केवळ आकाराच्या भेदामुळे दोन मानावीत काय, हा पहिला. आणि दोन नावे एकाच वस्तूची आहेत की नाहीत हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा व त्याची जबाबदारी कोणावर, हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचा संबंध ज्यांच्या टेबलावर रोज लोकांची नावे येऊन पडतात त्या आम्हां नोकरदारांशी आहे, आणि घरापासून दूर, परक्या उच्चारांच्या प्रदेशात बदली होऊन आलेल्यांशी तर तो विशेषच आहे.

या विषयावर कोलकात्यात बसून लिहिण्यास थोडे औचित्यही आहे. हिंदुस्थानातील पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक १९५५ साली येथेच, प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत, बरानगरला आला. इंग्लंडहून आणलेल्या त्या यंत्राचे नाव एचईसी-२एम. पुढे १९६६ साली याच संस्थेने जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने इसिजू-१ हे यंत्र याच शहरात बांधले. त्या पहिल्या यंत्रापुढे नावांचा प्रश्न उपस्थितच होत नसे. स्मृतीतील प्रत्येक खणास एक अंक असे, आणि काम सांगणाऱ्याने खणाचा अंक सांगावा. अंकास लहान-मोठे रूप नसते.

खणांस माणसाच्या शब्दांनी हाक मारण्याची सोय रूढ होत गेली ती मुख्यतः १९५७ साली आय.बी.एम. कंपनीने फोरट्रान ही भाषा प्रसिद्ध केल्यानंतर. तेव्हा यंत्रास एका अक्षरासाठी सहा बिटे मिळत, म्हणजे एकंदर चौसष्ट चिन्हांपुरती जागा. तीत सव्वीस अक्षरे, दहा अंक आणि बेरीज-वजाबाकीची व विरामाची चिन्हे बसविल्यावर आणखी सव्वीस अक्षरांस जागा उरत नसे. म्हणून सारे लिखाण मोठ्या अक्षरांत होई. लहान अक्षर यंत्राच्या ओळखीचेच नव्हते. अमेरिकेत १९६३ साली 'ॲस्की' नावाची चिन्हसंहिता ठरली, तीतही आरंभी मोठी अक्षरेच होती; १९६७ च्या आवृत्तीत लहान अक्षरांस कायमची जागा मिळाली. त्या संहितेत मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५ आणि लहान 'ए'चा ९७. यंत्राचा सारा व्यवहार या दोन आकड्यांशी आहे. त्यास 'ए' नावाचे अक्षर म्हणून काही ठाऊक नाही. ६५ ठाऊक आहे आणि ९७ ठाऊक आहे. या दोहोंस एक समज, असे कोणी सांगून ठेवले तर ते तसे समजते. कोणी काही सांगितले नाही तर ते त्यांस दोन समजते, कारण दोन आकडे हे दोनच असतात.

१९७० साली निक्लाउस विर्ट यांनी पास्कल ही भाषा रचली, ती या बाबतीत सौम्य होती. लहान व मोठे तीत एकच. १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी ही भाषा रचली, ती कठोर. पुढे सीचा वंश फार विस्तारला. १९९५ सालची जावा त्याच वंशातली, आणि १९९१ साली आलेली पायथॉन वळणाने निराळी असली तरी या बाबतीत तीही त्याच पंथाची. गमतीची गोष्ट अशी की, पास्कल रचणाऱ्या विर्ट यांनीच नंतर मोड्युला-२ नावाची भाषा केली, तेव्हा तीत त्यांनी लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळला. एकाच विद्वानाने एकाच प्रश्नास दोन काळी दोन उत्तरे दिली, तेव्हा प्रश्न नुसत्या सोयीचा नसावा असे मानण्यास जागा आहे.

सौम्य पक्षाचे म्हणणे प्रथम ऐकू. नाव हे मूळचे तोंडातले व कानातले. कागदावर ते मागाहून आले. मोठे अक्षर कानास ऐकू येत नाही. एक अभियंता दुसऱ्यास दूरध्वनीवर एखादे नाव सांगू लागला की, "मोठ्या टीने, मग सगळी लहान, मध्ये आर पुन्हा मोठा," अशी जी कसरत त्यास करावी लागते, ती पाहून हे नाव आहे की कुलुपाची किल्ली असा प्रश्न पडतो. रोमन लिपीतही हा भेद जन्मजात नाही. प्राचीन रोमच्या शिलालेखांत मोठीच अक्षरे आहेत; लहान अक्षरे ही लेखनिकांच्या भरधाव हातातून शतकानुशतके घडत गेली. छापखान्यात मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत व लहानांचे खालच्या पेटीत ठेवीत, आणि पेटीस इंग्रजीत 'केस' म्हणत, म्हणून आजही या भेदास 'केस'चा भेद म्हणतात. जुळाऱ्याच्या हाताच्या सोयीसाठी केलेली ही वाटणी पुढे वस्तूंच्या एकत्व-अनेकत्वाचा निकष होऊन बसावी, हे थोडे विचित्र खरेच. सरकारी कचेऱ्यांनी तर हा प्रश्न संगणकाची वाट न पाहता निकालात काढला होता. 'ब्लॉक लेटर्समध्ये भरावे' अशी सूचना ज्या ज्या अर्जावर छापली आहे, त्या त्या अर्जात लहान अक्षरांचे अस्तित्वच रद्द झाले आहे.

कठोर पक्षाचे म्हणणेही टाकाऊ नाही, आणि त्याचा पाठिंबा आमच्याच परंपरेत सापडतो. वृत्राच्या जन्माची कथा व्याकरण शिकणाऱ्यांस पूर्वी आरंभीच सांगत. इंद्राने आपल्या पुत्राचा वध केला म्हणून त्वष्ट्याने इंद्रास मारणारा दुसरा पुत्र व्हावा या हेतूने यज्ञ केला. 'इंद्रशत्रु' हा शब्द त्यास अशा स्वरात उच्चारायचा होता की त्याचा अर्थ इंद्राचा घातक असा व्हावा. म्हणजे तो तत्पुरुष समास, आणि त्याचा उदात्त स्वर शेवटच्या अक्षरावर. प्रत्यक्षात उदात्त पडला आरंभीच्या अक्षरावर. त्याने समास बहुव्रीही झाला आणि अर्थ झाला, ज्याचा घातक इंद्र आहे तो. वर्ण तेच, क्रम तोच, आणि वृत्र मारला गेला. पतंजलीने ही कथा व्याकरणाचे प्रयोजन सांगताना वापरली आहे. वैदिक मंत्र हा एक असा प्रोग्रॅमच होता की, ज्यात ऐकणारा 'तुला काय म्हणायचे आहे ते मला कळले' असे म्हणून चूक सांभाळून घेत नाही.

आता या भेदाचा एक खरा उपयोगही पाहू. जावा भाषेत लिहिणाऱ्यांनी आपसांत एक संकेत पाळला आहे. मोठ्या अक्षराने सुरू होणारे 'अकाउंट' हे नाव खात्यांच्या साऱ्या प्रकाराचे, आणि लहान अक्षराने सुरू होणारे 'अकाउंट' हे हाती घेतलेल्या एका खात्याचे. म्हणजे मोठे अक्षर जातीचे वाचक, लहान अक्षर व्यक्तीचे. शब्दाचा अर्थ जाती की व्यक्ती, या वादात आमच्या नैयायिक-मीमांसकांनी शतके घालविली, आणि येथून फार दूर नसलेल्या नवद्वीपात नव्यन्यायाने त्या वादास जी धार आणली तिला जोड नाही. त्या मंडळींस जेव्हा जाती आणि व्यक्ती हा भेद शब्दात दाखवायचा असे तेव्हा ते 'घट' आणि 'घटत्व' असे म्हणत. 'त्व' ऐकू येतो. अंधारात सांगितला तरी कळतो. आमचा कल त्यांच्या बाजूस आहे. कोणत्याही भाषेने 'अकाउंट' ही दोन नावे निराळी मानण्याची मोकळीक दिली म्हणून केवळ आकाराने भिन्न अशी दोन नावे शेजारी शेजारी ठेवणे ही वाचणाऱ्याची उपेक्षा होय. मराठ्यांच्या इतिहासात दोन माधवराव पेशवे झाले. त्यांतील एकास आपण 'थोरले' म्हणतो व दुसऱ्यास 'सवाई', आणि त्यामुळे शाळेतील पोरासही कधी घोटाळा पडत नाही.

मोठ्या अक्षरावर याहून जास्त भार टाकणारी एक भाषा २००९ साली आली, तिचे नाव गो. तीत मोठ्या अक्षराने सुरू झालेले नाव आपल्या कोठडीबाहेर सर्वांस दिसते आणि इतर नावे आतच राहतात. अक्षराचा आकार हाच तेथे परवाना. मग ज्या लिपीस मोठे अक्षरच नाही तिने काय करावे? 'कमल' असे नाव त्या भाषेत ठेवता येते, पण मागेपुढे रोमन मोठे अक्षर जोडल्याखेरीज, आणि तेही आरंभीच जोडल्याखेरीज, ते उंबरठा ओलांडू शकत नाही. 'माला' असे नाव तर ठेवताच येत नाही, कारण काना हे तिच्या नियमांनुसार अक्षर नव्हे. हे लिहिताना आम्हांस राग आला असे नाही. कोणी देवनागरीचा द्वेष करून हा नियम केलेला नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात त्या वेळी देवनागरी नव्हती, इतकेच. पण नियम करताना जो मनात नसतो त्याच्याच वाट्यास नियमाची बोच येते, हे आम्ही नोकरीत पुष्कळ पाहिले आहे.

सौम्यता हवी असे म्हणणाऱ्यांनीही एक अडचण लक्षात घ्यावी. 'लहान आणि मोठे एक समजा' हा हुकूम दिसतो तितका साधा नाही. १९२८ साली तुर्कस्तानने रोमन लिपी स्वीकारली तेव्हा तीत 'आय'ची दोन अक्षरे केली, एक टिंबाचे आणि एक बिनटिंबाचे. आणि दोहोंस स्वतंत्र मोठी रूपे दिली. त्यामुळे इंग्रजी रीतीने लहान आयचे मोठे रूप केले की तुर्की वाचकाच्या दृष्टीने ते भलतेच अक्षर होते. दोन रूपे एक आहेत हे ठरविण्यास आधी कोणती भाषा, कोणता देश, कोणाचा रिवाज हे विचारावे लागते. सीसारखी भाषा हे विचारीत नाही. ती म्हणते, दोन आकडे निराळे दिसले, मी निराळे मानले. एक मानण्याचा निवाडा माझ्या अधिकारात नाही. तिच्या कठोरतेचे समर्थन आम्हांस येथे सापडते. नियम आधीच जाहीर आहे, तो सर्वांस सारखा आहे, चूक झाली तर ती बहुधा लगेच कळते, ज्याने केली त्यालाच कळते आणि तोच ती एका अक्षराने दुरुस्त करू शकतो. अशा कठोरतेने कोणावर अन्याय होत नाही.

पण हीच कठोरता यंत्रातून उचलून माणसांच्या नावांवर आणून ठेवली म्हणजे या पाचांपैकी एकही गोष्ट खरी राहत नाही. ज्याच्या नावात फरक पडला त्याने तो केलेला नसतो, त्यास तो वीस वर्षांनी कळतो, आणि दुरुस्तीचा अधिकार दुसऱ्याच कोणाकडे असतो.

आपल्यापैकी ज्यांचे नाव 'व'ने सुरू होते त्यांनी हा अनुभव बंगालमध्ये घेतलाच असेल. बंगाली लिपीत 'ब' आणि 'व' यांस एकच अक्षर आहे. वसंतरावांचे नाव बंगालीत उतरले की ते बसंत होते, आणि तेथून पुन्हा रोमन लिपीत आणले की आरंभी 'बी' येऊन बसतो. मूळच्या कागदावर 'व्ही' असतो. माणूस एक, बोलावले तर ओ देणारा एक, पण कागदांच्या दृष्टीने दोन. बंगाली गृहस्थांची स्थिती याहून निराळी नाही. ज्याचे आडनाव बंगालीत बंद्योपाध्याय आहे तोच इंग्रजीत बॅनर्जी असतो. मुखोपाध्याय मुखर्जी होतो, आणि ठाकूरांचे टागोर तर जगभर झाले. या दोन रूपांत समान वर्ण शोधू गेल्यास फार थोडे सापडतील, तरी येथील कोणत्याही शाळेतील गुरुजींस ती दोन माणसे वाटत नाहीत. या शहराचेच पाहा. बंगाली माणूस बोलताना पूर्वीही कोलकाताच म्हणे. १ जानेवारी २००१ पासून बदलले ते इंग्रजी लेखन. उच्च न्यायालयाने आणि विद्यापीठाने आपली जुनी इंग्रजी नावे तशीच ठेवली आहेत, विमानतळाची 'सीसीयू' ही तीन अक्षरेही जुन्याच नावाची आहेत. शहर त्यामुळे दोन झाले नाही, कारण शहरास आपली ओळख पटवून देण्यासाठी कोणत्याही खिडकीपुढे उभे राहावे लागत नाही.

माणसास राहावे लागते. आसामात राष्ट्रीय नागरिक नोंदणीची अंतिम यादी ३१ ऑगस्ट २०१९ रोजी प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे ३ कोटी ३० लाख अर्जदारांपैकी १९,०६,६५७ जण तीत नव्हते. सर्वांचे कारण एक नव्हते आणि त्या मोठ्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पण जुन्या मतदार यादीतील बापाचे नाव आणि मुलाच्या कागदावरील बापाचे नाव यांत एखाद्या अक्षराचा फरक, हे त्यांतील एक परिचित कारण होते. असा फरक कोणा लेखनिकाने ऐकून लिहिताना केलेला असतो, किंवा एका लिपीतून दुसरीत उतरताना आपोआप पडलेला असतो. तो पाहून 'नावे जुळत नाहीत' असा शेरा मारणारा अधिकारी सी भाषेसारखाच वागतो, आणि आपण निःपक्षपाती आहोत असे त्यास मनापासून वाटते. सी भाषेस निवाडा करण्याची शक्ती नाही, म्हणून ती करीत नाही. अधिकाऱ्यास ती शक्ती आहे, आणि त्याचा पगारही त्यासाठीच आहे. शेजाऱ्यास विचारणे, गाव पाहणे, बापलेकांच्या वयांचा हिशेब करणे, जुना दाखला काढून पाहणे, हे सर्व त्यास करता येते. न जुळणारे एक अक्षर दाखवून फाइल परत पाठविणे हाही निवाडाच असतो. त्याखाली फक्त सही नसते.

यावर कोणी म्हणेल की, मग सारेच सैल सोडावे काय? तसे नाही. सैलपणाचेही बळी असतात. एकाच कचेरीत एकाच आद्याक्षरांचे दोन जोशी असले आणि कोणी उदारपणे त्यांस एक मानले, तर एकाच्या भविष्यनिर्वाह निधीत दुसऱ्याची वर्गणी जाऊन पडते. आणि ज्याची वर्गणी गेली तो काही उदारपणाबद्दल आभार मानीत नाही. भेद पाळावा की सोडावा याचे उत्तर भेदात नसते. त्या भेदाचा परिणाम कोणावर होतो हे पाहावे लागते.

याचे एक उदाहरण मराठी माणसास बंगालमध्ये टाळता येत नाही. मराठ्यांच्या फौजेत बारगीर निराळा आणि शिलेदार निराळा. बारगिरास घोडा सरकारचा, शिलेदाराचा घोडा स्वतःचा. त्यामुळे दोघांचा पगार निराळा, मान निराळा, हजेरीपटातील नोंद निराळी. दफ्तरात हा भेद चुकविणारा कारकून शिक्षेस पात्र झाला असता. १७४२ साली भास्करराम कोल्हटकरांबरोबर नागपूरकर भोसल्यांची फौज बंगालमध्ये उतरली, आणि १७५१ च्या तहापर्यंत तिच्या स्वाऱ्या होत राहिल्या. त्यांच्या धास्तीने कोलकात्याच्या उत्तरेस खंदक खणला गेला, तो 'मराठा डिच' म्हणून प्रसिद्ध आहे. बंगालने त्या सर्वांस एकच नाव दिले, बर्गी. ते 'बारगीर' या शब्दाचेच रूप, शिलेदारासही तेच. ज्याचे भात लुटले गेले त्यास घोडा कोणाच्या मालकीचा होता याच्याशी काय कर्तव्य? दफ्तराचा भेद दफ्तरात योग्य होता, आणि त्या शेतकऱ्याने तो पुसून टाकला हेही योग्यच होते. आम्ही मराठी असल्याने हे वाक्य लिहिताना हात जरा जड होतो, पण ते खरे आहे.

लिपीच्या बाबतीत आपल्या पूर्वजांनी दोन्ही मार्ग एकाच वेळी चालवून पाहिले, ही गोष्ट आपण विसरत चाललो आहोत. मोडी लिपीत इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घ भेद पाळीत नसत. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' हे मोडीत एकच. शब्दाशब्दांत जागाही सोडीत नसत. तरी त्या लिपीत राज्याचा कारभार शतकानुशतके चालला, जमाखर्च झाले, तहनामे झाले. ते चालले याचे कारण लिहिणारा व वाचणारा दोघेही एकाच व्यवहारात मुरलेले असत; पत्रातला 'सुत' मुलगा की दोरा हे वाचणारास पत्राच्या विषयावरून कळे. बालबोधीस मात्र भेद पाळावा लागे, कारण पोथी अशा माणसाच्या हाती पडायची की जो लिहिणाऱ्यास ओळखत नाही. मराठी मुद्रणाच्या आरंभी या दोहोंची गाठ पडली, आणि तीही याच परिसरात. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकविणारे विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मराठीचे व्याकरण रचले, ते हुगळीच्या पलीकडच्या तीरावर श्रीरामपूर येथे १८०५ साली छापले गेले, त्यातील मराठी देवनागरीत. आणि १८१० साली त्यांचा मराठी कोश निघाला तो मोडी टाइपात. पुढे छापखान्याने बालबोधीचा पक्ष घेतला. दूरच्या, अपरिचित वाचकासाठी छापणाऱ्यास दुसरा मार्गही नव्हता.

बालबोधीचे नियमही काही आकाशातून पडलेले नाहीत. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाने लेखनविषयक नियम मंजूर केले, आणि तोवर 'कवि' लिहिणारे 'कवी' लिहू लागले. लिहिणारा कवी होता तसाच राहिला. जुन्या ग्रंथसूचीत मात्र 'कवि' आहे, नव्यात 'कवी', आणि शोधणाऱ्या यंत्रास कोणी सांगून ठेवले नसेल तर त्यास अर्धे कवी सापडत नाहीत. मोठ्या-लहान अक्षरांचा प्रश्न आपल्याकडे नाही असे जे आरंभी म्हटले, त्यास ही पहिली पुरवणी.

दुसरी पुरवणी जास्त चमत्कारिक आहे. 'बिऱ्हाड', 'तऱ्हा', 'कुऱ्हाड' या शब्दांत जो अर्धा र आडवा बसतो तो जवळजवळ मराठीचा खास अलंकार आहे. संगणकाच्या सध्याच्या जागतिक चिन्हसंहितेत, म्हणजे युनिकोडमध्ये, तो दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत नुक्त्याचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरीत साधा र घेऊन पाय मोडायचा व पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवायचे. कागदावर वा पडद्यावर दोन्हींचे रूप तंतोतंत एक. यंत्राच्या दृष्टीने मात्र आकड्यांच्या दोन निराळ्या माळा आहेत, म्हणून शब्द दोन. रोमन लिपीतील मोठा व लहान 'ए' निदान डोळ्यांस निराळे दिसतात. येथे डोळाही साक्ष देऊ शकत नाही. आडनावात हे अक्षर असलेल्या माणसाची नोंद एका कचेरीत पहिल्या रीतीने झाली असेल आणि दुसऱ्या कचेरीत दुसऱ्या, तर दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवून कितीही निरखले तरी फरक दिसणार नाही, आणि पडद्यावर मात्र 'नावे जुळत नाहीत' असा शेरा उमटलेला असेल. त्या खिडकीमागे बसलेल्याने त्या वेळी आपले डोळे खरे मानावेत की शेरा, हे त्यास कोणत्याही परिपत्रकात लिहून मिळालेले नाही. आम्ही वरच्या ओळींत 'बिऱ्हाड' हा शब्द या दोहोंपैकी कोणत्या रीतीने लिहिला आहे, हे छापलेल्या पानावरून वाचकांस ओळखता येणार नाही. आणि छापून आल्यावर आम्हांसही येणार नाही.